बारावीला ८८ टक्के, सीईटीला ७१ पर्सेंटाइल: या गुणांचं कुठे काय होतं?

मोरपंखी
भाचीसाठी विचारतेय. राज्य मंडळ, विज्ञान शाखा. फिजिक्स ८४, केमिस्ट्री ९१, मॅथ्स ८९, म्हणजे पीसीएम ३०० पैकी २६४. सीईटीचा (पीसीएम) निकाल मात्र ७१.४ पर्सेंटाइल. नाशिक जिल्हा, ओबीसी, जातवैधता हातात आहे, घरचं उत्पन्न साडेपाच लाख. कॉम्प्युटर किंवा त्याच्या आसपासचं काही हवंय. घरात दोन गट पडलेत. एक म्हणतो "बारावीच्या गुणांचं वजन कुठेतरी पडेलच", दुसरा म्हणतो "डोनेशन भरा आणि मोकळे व्हा". दोन्हींतलं खरं किती? यंदा (२०२५) कॅपचे (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे) नियम बदललेत असंही कानावर आलंय.

गणिताची_वही
आधी पहिल्या गटाची समजूत काढूया. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये बारावीच्या गुणांचं काम फाटकापुरतं आहे. ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के असले की फाटक उघडतं. आत गेल्यावर रांग सीईटीच्या पर्सेंटाइलनेच लागते. ८८ असोत की ४८, रांगेतली जागा तीच. दोघांचे पर्सेंटाइल अगदी सारखे आले तरी आधी सीईटीतले विषयवार पर्सेंटाइल बघतात, बारावी त्याच्याही खाली. पर्सेंटाइल सात दशांशांपर्यंत असतो, त्यामुळे वेळ तिथवर क्वचितच येते.

दुसरं, ७१.४ हे टक्के नव्हेत. पीसीएमला बसलेल्यांपैकी साधारण २८.६ टक्के मुलं पुढे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. यंदा पीसीएम गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास पुढे. पण सीईटी दिलेले सगळे कॅपला नोंदणी करत नाहीत, कुणी जेईईकडे जातं, कुणी बीएस्सीला. त्यामुळे मेरिट नंबर या हिशेबापेक्षा बराच वर येईल. राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा दोन लाखांच्या आसपास आहेत. जागा मिळेल का, ही काळजी सोडा. कुठली मिळेल, एवढाच प्रश्न आहे.

आंबटगोड
पण ५०:५० करणार होते ना? निम्मं बारावी, निम्मं सीईटी?

गणिताची_वही
चर्चा झाली होती. इंजिनिअरिंगला आज लागू नाही. ५०:५० आहे ते आर्किटेक्चरला.

निळी_शाई
बी.आर्क.चं नीट सांगते, कारण अशा मुलांना तिथे खरंच फायदा होतो आणि फार कमी जण तिकडे बघतात. गुणवत्ता यादीत निम्मं वजन बारावीला, निम्मं नाटा या प्रवेश परीक्षेला (किंवा जेईईच्या आर्किटेक्चरच्या पेपरला). नाटा २०० गुणांची: चित्रकला आणि रचना ८० गुण, कागदावर; उरलेले १२० संगणकावर. पात्र ठरायला पहिल्या भागात २०, दुसऱ्यात ३० आणि एकूण ६० लागतात. एका वर्षात एकापेक्षा जास्त वेळा देता येते आणि त्यातला चांगला धरतात.

आकड्यांत बघा. नाटात ११० म्हणजे शंभरात ५५, बारावी ८८, सरासरी ७१.५. दुसऱ्या मुलाला नाटात १३०, म्हणजे ६५, पण बारावी ६०. त्याची सरासरी ६२.५. बारावीने नऊ गुणांची आघाडी मिळवून दिली. एक चूक मात्र दरवर्षी होते. नाटा न देता लोक आर्किटेक्चरचा विचार जूनअखेरीस सुरू करतात. आणि हे पाच वर्षांचं शिक्षण आहे. चित्र काढायचा कंटाळा असेल तर निव्वळ आघाडी दिसते म्हणून जाऊ नये.

रेल्वेफाटक
कॉम्प्युटर हवंय म्हणताय, म्हणून सरळ कॅपकडे येतो. मागच्या वर्षाच्या कटऑफच्या पीडीएफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फेरीनिहाय असतात. हजारभर पानं बघून लोक घाबरतात आणि कुणाच्या तरी व्हॉट्सॅपवरच्या तक्त्यावर विसंबतात. तो तक्ता बहुतेकदा खुल्या प्रवर्गाचा आणि पहिल्या फेरीचा असतो. तुमच्या भाचीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

पीडीएफमध्ये प्रत्येक शाखेखाली रकान्यांवर संक्षेप असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीच्या ३० टक्के जागा. मध्ये प्रवर्ग. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाच्या क्षेत्रातली मुलं, एस म्हणजे राज्यस्तर. होम युनिव्हर्सिटी बारावी कुठून केली त्यावर ठरते. नाशिक, पुणे आणि अहिल्यानगर हे तीन जिल्हे पुणे विद्यापीठाचे, म्हणून या तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांना तिने 'एच'चे रकाने बघायचे. मुंबई, संभाजीनगर, जळगावसाठी 'ओ'चे. तिथे स्पर्धा वेगळ्या आकड्यांवर असते, कारण विद्यापीठ क्षेत्रासाठी ७० टक्के जागा आणि बाहेरच्यांसाठी ३० टक्के असा भाग पडतो.

ती ओबीसी मुलगी असल्याने एका कॉलेजसाठी चार रकाने तिचे आहेत: जीओपन, एलओपन, जीओबीसी, एलओबीसी. चारांतला सगळ्यात खालचा आकडा तिचा खरा कटऑफ. प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात, वरचा मेरिट नंबर, कंसातला पर्सेंटाइल. मेरिट नंबर सोडून द्या. नोंदणी करणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते, नंबर सरकतो. पर्सेंटाइल त्यामानाने स्थिर. तरी शाखेच्या हवेप्रमाणे तीन-चार पर्सेंटाइल इकडे-तिकडे होतातच. कॉम्प्युटर, आयटी, एआय या तिन्हींचे आकडे एकमेकांना चिकटून पळतात; ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) त्यांच्या खाली; सिव्हिल, मेकॅनिकल आणखी खाली.

आणि पीडीएफ शेवटच्या फेरीची बघा. पहिल्या फेरीतला आकडा उमेद घालवतो.

उंबरठा
वरच्याला पुस्ती. नाशिक शहरातल्या चार नावाजलेल्या कॉलेजांवर यादी संपवू नका. त्याच विद्यापीठ क्षेत्रात सिन्नर, चांदवड, संगमनेर, लोणी, कोपरगाव, बारामती असं बरंच काही येतं. 'एच'चा फायदा तिथेही तोच. शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटर दूर गेलं की त्याच शाखेचा कटऑफ बराच उतरतो. वसतिगृहाचा खर्च मात्र आधी विचारा, कारण तो फीमाफीत येत नाही.

मोरपंखी
हे चार रकान्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं, धन्यवाद. आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीक्रमाचा अर्ज. किती पर्याय भरायचे? आणि ते "आपोआप फ्रीझ" काय प्रकरण आहे?

रेल्वेफाटक
यंदा तीनऐवजी चार फेऱ्या आहेत आणि फॉर्मच्या वरच्या भागाला दात आलेत. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच अंतिम. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं की फ्रीझ. तिसरीत पहिल्या सहांपैकी. चौथीत जे मिळेल ते अंतिम. आपोआप फ्रीझ झालेली जागा घेतली नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाद. मग उरतात फक्त कॉलेज स्तरावरच्या जागा.

तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. ७१ पर्सेंटाइलला साठ-सत्तर तरी भरा. क्रम आवडीचाच ठेवा. यंत्रणा वरून खाली येते आणि पहिली मिळणारी जागा देते. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालच्या कॉलेजातली संधी कमी होत नाही. "मिळणारच नाही ते वर कशाला" असं म्हणून लोक मधलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकतात, ते पहिल्याच फेरीत मिळतं, फ्रीझ होतं, आणि तिसऱ्या फेरीत त्याहून बरं कॉलेज त्याच पर्सेंटाइलला बंद होताना बघत बसावं लागतं. म्हणून पहिल्या सहांत मिळालं तर खरंच आनंद होईल अशीच नावं असू द्या. फेरीगणिक फॉर्म नव्याने भरता येतो, तेव्हा पहिल्या फेरीतला क्रम तिसऱ्या फेरीत तसाच नेण्याचं बंधन नाही.

सातव्या-आठव्या क्रमांकाचं काही मिळालं तर बेटरमेंट निवडता येतं. हजार रुपये जागास्वीकृती शुल्क भरायचं, लॉगिनमधून जागा स्वीकारायची, पुढच्या फेरीची वाट बघायची. वरचं मिळालं की खालची जागा आपोआप जाते, दोन्ही हातात ठेवता येत नाहीत. स्वीकृतीची शेवटची वेळ चुकली तर जागा गेली. "पैसे कापले गेले पण पावती आली नाही" ही तक्रार शेवटच्या दिवशी हमखास असते, म्हणून एक दिवस आधी भरा.

फाटकी_छत्री
टीएफडब्ल्यूएसचे (शिक्षण शुल्क माफीच्या जागांचे) पर्याय पण टाका. फी माफ होते, उत्पन्न आठ लाखांच्या आत आहेच.

हिशेबनीस
इथे थांबा. या मुलीला टीएफडब्ल्यूएसची गरजच नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शाखेगणिक पाच टक्के जादा जागा, प्रवर्ग न बघता. साठच्या वर्गाला तीन. त्या तीनसाठी मुलं तुटून पडतात, कटऑफ खुल्या प्रवर्गापेक्षाही वर जातो. जे ओबीसीच्या जागेवर फुकट मिळतंय ते चार-पाच पर्सेंटाइल जास्त मोजून कशाला घ्यायचं? खुल्या प्रवर्गातल्या मुलाला टीएफडब्ल्यूएस महत्त्वाचं आहे. त्याला एरवी राजर्षी शाहू योजनेतून निम्मंच शुल्क परत मिळतं.

माफीत विकास शुल्क येत नाही, ते भरावं लागतं. आणि ही माफी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठांना लागू नाही. महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज दरवर्षी करायचा. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, आणि ते मुलीचं हवं, वडिलांचं नको.

कागदांत सगळ्यात जास्त घोळ नॉन क्रिमीलेयर प्रमाणपत्राचा होतो. २०२५-२६ साठी ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असायला हवं. जुनं असतं, मार्चमध्ये संपलेलं असतं, आणि ते एफसीवर (सुविधा केंद्रावर) पडताळणीच्या दिवशी लक्षात येतं. वेळेत दिलं नाही तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो: दोन रकाने गेले आणि फीमाफीही गेली. सेतूत आजच अर्ज टाका.

आंबटगोड
आता डोनेशनवाल्या गटाचं काय?

हिशेबनीस
विनाअनुदानित खाजगी कॉलेजात वीस टक्के जागा संस्था स्तरावर भरतात. लोक त्यांना मॅनेजमेंट कोटा म्हणतात. त्या भरायच्याही पद्धती आहेत: कॉलेजने जाहिरात द्यायची, अर्ज मागवायचे, गुणवत्ता यादी लावायची. "सीट बुक करून देतो" म्हणणारा मध्यस्थ ज्या जागेचे पैसे मागतो, ती जागा पुष्कळदा चौथ्या फेरीत तशीच मिळणार असते. कॅपिटेशन फी १९८७ च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर वर्षवार दिसते. त्या आकड्याच्या वर, पावतीशिवाय, काही द्यायचं कारण नाही.

पण या मुलीच्या बाबतीत खरा तोटा वेगळा आहे. संस्था स्तरावरच्या जागेवर वरची फीमाफी नाही. समजा कॉलेजचं शिक्षण शुल्क वर्षाला एक लाख. तर "थोडं बरं कॉलेज" चार वर्षांत चार लाखांनी महाग पडलं, डोनेशन धरलंच नाही. दोन कॉलेजांत तेवढा फरक आहे का, ते ठरवून मगच पाऊल टाका. शाखेसाठी एखादा असा खर्च करेल, मी करणार नाही.

चौथा_थांबा
कुणी डिप्लोमाबद्दल बोललं नाही अजून. बारावीच्या गुणांचं वजन इंजिनिअरिंगच्या वाटेवर कुठे पडत असेल तर तिथे. बारावी विज्ञानवर थेट दुसऱ्या वर्षाच्या डिप्लोमाला प्रवेश मिळतो, गुणवत्ता यादी बारावीच्या गुणांवर, सीईटीचा संबंध नाही. दोन वर्षांत डिप्लोमा, मग त्याच्या टक्क्यांवर थेट दुसऱ्या वर्षाच्या बीईला. तिथेही सीईटी नाही. एकूण पाच वर्षं, म्हणजे ड्रॉप (एक वर्ष थांबून परत सीईटी) घेतल्याइतकीच.

८८ टक्क्यांवर शासकीय तंत्रनिकेतनात जागा मिळण्याची शक्यता चांगली. बीईला थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा म्हणजे मंजूर क्षमतेच्या दहा टक्के जादा आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या.

गणिताची_वही
वाट आहे, पण खड्डे सांगूनच दाखवा. एक, बारावीवरून आलेल्या मुलांनी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग, मेकॅनिक्स, वर्कशॉप केलेलं नसतं. बाकीचा वर्ग ते करून बसलेला असतो. दोन, बीईच्या दुसऱ्या वर्षात आल्यावर एम-वन, एम-टू (पहिल्या वर्षाची दोन गणितं) न करता थेट एम-थ्री समोर येतं. लाप्लास रूपांतर शिकवायला सुरुवात होते आणि मुलगा अजून इंटिग्रेशन बाय पार्ट्सची उजळणी करत असतो. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचा पहिला बॅकलॉग बहुधा हाच. तीन, नामांकित कॉलेजात कॉम्प्युटरला डिप्लोमाचे टक्के नव्वदच्या वर लागतात. ते मिळवायची खात्री असेल तर ठीक, नाहीतर पाच वर्षांनी त्याच मधल्या कॉलेजात येऊन पोचाल जिथे आज चार वर्षांत जाता येतंय.

चौथा_थांबा
मान्य. पण ही मुलगी लेखी परीक्षेत भक्कम आहे, घड्याळासमोर कच्ची. डिप्लोमाच्या परीक्षा लेखीच असतात. तिचं बलस्थान तिथे चालतं. एम-थ्रीसाठी डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत दोन महिने पहिल्या वर्षाची दोन्ही गणितं केली की भागतं.

सातबारा
विज्ञानाची सरळ वाट विसरू नका. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, बी.एस्सी. आयटी, सांख्यिकी, गणित यांना बहुतेक कॉलेजांत बारावीच्या गुणांवर यादी लागते. नुसता आकडा बघितला तर ८८ ला नाशिक-पुण्यात चांगल्या ठिकाणी दार उघडतं. बीसीए आणि बीबीए मात्र २०२४-२५ पासून सीईटीत गेले. त्या पहिल्या वर्षी इतक्या जागा रिकाम्या राहिल्या की दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. तेव्हा "बीसीएला गुणांवर मिळतं" हे जुनं ज्ञान. नावात बी.एस्सी. आहे की बीसीए, हे माहितीपत्रकात नीट वाचा.

मुंबईकडे जाणार असाल तर कॉलेजच्या अर्जाआधी मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी लागते. ती नसेल तर कॉलेजचा अर्ज पुढे सरकत नाही.

बारावीच्या गुणांवरच्या दोन शिष्यवृत्त्या. इन्स्पायर-शी: मंडळाच्या पहिल्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानात पदवी करणाऱ्यांना वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० प्रकल्पासाठी. भौतिक, रसायन, गणित, सांख्यिकी चालतं. कॉम्प्युटर सायन्स त्यात धरत नाहीत, इंजिनिअरिंग तर नाहीच. दुसरी केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती: मंडळाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर, पदवीला वर्षाला १२,०००. तिला उत्पन्नमर्यादा साडेचार लाख आहे, म्हणजे साडेपाच लाखांवर ती हुकली.

निळी_शाई
बी.एस्सी.बरोबर आयआयटी मद्रासचा बी.एस. डेटा सायन्स. जेईई लागत नाही. चार आठवडे गणित, संख्याशास्त्र, संगणकीय विचार आणि इंग्रजी शिकवतात, दर आठवड्याला गृहपाठ, मग पात्रता परीक्षा. ती पास झालात की प्रवेश. जागांची मर्यादा नाही, रांग नाही. वर्ग ऑनलाइन, परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष. यूजीसीने २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिलेली आहे, त्यामुळे कॉलेजची बी.एस्सी. सोडावी लागत नाही. टप्पे आहेत: फाउंडेशन, डिप्लोमा, मग पदवी. मध्ये थांबलात तरी हातात काही राहतं. अवघड मात्र आहे. "प्रवेश सोपा म्हणजे कोर्स सोपा" समजून गेलेले फाउंडेशनमध्येच गळतात.

फाटकी_छत्री
फार्मसीचं पण असंच ना?

सातबारा
हो. बी.फार्म.ला सीईटी किंवा नीट, डी.फार्म.ला बारावीचे गुण. डी.फार्म. दोन वर्षं, नंतर थेट दुसऱ्या वर्षाच्या बी.फार्म.ला. इथे त्यांना कॉम्प्युटर हवंय म्हणून लांबवत नाही.


      

घड्याळजी
एका प्रश्नाला कुणी हात घातला नाही: ८८ आणि ७१ एकाच मुलीचे कसे? ड्रॉप घ्यायचा की नाही हे त्यावरच ठरतं.

मंडळाच्या पेपरात फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० पैकी ३० प्रात्यक्षिकाचे, मॅथ्सचे २० अंतर्गत. लेखीत पायरीला गुण. सीईटीत पायरी नाही. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं: प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्सचे ५० प्रश्न, ९० मिनिटं: प्रश्नाला १०८ सेकंद, पण प्रत्येकी दोन गुण. म्हणजे २०० पैकी निम्मे गुण एकट्या गणितात. मंडळात तीन विषय सारखे. इथे गणित ढिलं पडलं की बाकी दोन्ही सावरू शकत नाहीत.

शिवाय २० टक्के प्रश्न अकरावीचे. अकरावीचे गुण कुठेच मोजले जात नसल्याने ते पुस्तक कपाटात असतं. दीडशे प्रश्नांपैकी तीस तिथून येतात.

निकालपत्रात विषयवार पर्सेंटाइल असतात, ते बघा. (एकूण पर्सेंटाइल म्हणजे त्यांची सरासरी नव्हे, एकूण गुणांवर तो वेगळा काढतात.) केमिस्ट्री ८५ आणि गणित ६० असं असेल तर रोग वेगाचा आहे, विषय येत नाही असं नाही. पहिल्या पेपरात ती दोन्ही विषयांत मागेपुढे करू शकते, म्हणून केमिस्ट्री आधी, ३० मिनिटांत, फिजिक्सला ५५, शेवटची ५ मिनिटं उरलेल्यांवर खूण करायला. निगेटिव्ह मार्किंग नाही. मंडळाच्या सवयीने मुलं न येणारा प्रश्न कोरा सोडतात. गणितात दहा कोरे सोडले तर नुसत्या अंदाजाने सरासरी अडीच बरोबर आले असते, म्हणजे पाच गुण. या पट्ट्यात पाच गुणांना पर्सेंटाइलचे बरेच मणी सरकतात.

ड्रॉपबद्दल: मंडळाचे ८८ पुढच्या वर्षीही तेच राहतात, सीईटीचा स्कोअर मात्र पुढे नेता येत नाही, परत द्यावीच लागते. तिन्ही विषय सारखेच खाली असतील तर वर्षभर घरी बसून उडी मोठी येत नाही. एकच विषय बुडाला असेल तर विचार करण्यासारखं आहे. आणि शाखेच्या हट्टासाठी घेणार असाल तर आधी ईएनटीसीचा अभ्यासक्रम वाचा.

उंबरठा
जेईई मेन दिली होती का? खाजगी विनाअनुदानित कॉलेजांत १५ टक्के जागा अखिल भारतीय स्तरावरच्या, जेईईच्या पर्सेंटाइलवर, आणि महाराष्ट्रातली मुलंही त्यांवर हक्क सांगू शकतात. जेईईचा आकडा नेहमी सीईटीपेक्षा खालचा दिसतो म्हणून लोक तो अर्जात टाकतच नाहीत. पण त्या जागांची रांगच वेगळी आहे. कॅपच्या अर्जात जेईईचा अर्ज क्रमांक भरला की झालं. फक्त त्या जागा प्रवर्गाच्या नसतात.

मोरपंखी
जानेवारीची दिली होती, ६३ आले म्हणून कागद बाजूला टाकला होता. शोधायला सांगितलाय. विषयवार बघितले: केमिस्ट्री ८४, फिजिक्स ७३, गणित ६१. घड्याळजी म्हणतात तेच. ड्रॉप नको असं ती स्वतःच म्हणतेय. कॅप भरायची, आणि शेजारी बी.एस्सी.चा अर्ज. एक शंका: बी.एस्सी.ला आधी प्रवेश घेतला आणि तिसऱ्या फेरीत इंजिनिअरिंग मिळालं तर मूळ कागद अडकतील का?

हिशेबनीस
अडकवू देऊ नका. कॅपची पडताळणी अपलोड केलेल्या प्रतींवर होते, मूळ कागद लागतात ते कॉलेजात हजर होताना. बी.एस्सी.ला प्रवेश घेताना मूळ शाळा सोडल्याचा दाखला देण्याआधी त्याच्या पाच-सहा साक्षांकित प्रती काढा, आणि दिल्याची पोच घ्या. रद्द करायचा अर्ज लेखी द्या, तारखेचा शिक्का घ्या. परतावा त्या तारखेवर ठरतो. गुणपत्रक आणि जातवैधता मूळ स्वरूपात कुणाकडेही ठेवू नका, दाखवून परत घ्या.

रेल्वेफाटक
आणि पहिले सहा पर्याय इथे टाका, फॉर्म लॉक करायच्या आधी.

मोरपंखी
टाकते. नॉन क्रिमीलेयर काढून बघितलं. ३१ मार्च २०२५ ला संपलंय. उद्या सकाळी सेतू.